टोळ्या निघण्याआधी गॅदरिंग घ्या

23 फेब्रुवारी 2025

प्रति,
आमच्या माध्यमिक विद्यालयाच्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव व सर्व संचालक, शाळा समितीचे सदस्य, ग्रामपंचायत आणि शाळेसाठी दरवर्षी धावून येणारे माजी विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं शाळेचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आहे. गॅदरिंगच्या दिवशी स्वागतगीत झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले की मुख्याध्यापक तो वाचून दाखवतात. वर्षभरात कोणते उपक्रम झाले, कोण कोण येऊन गेलं, कोणत्या मुलांनी काय मिळवलं, सगळं त्यात असतं. यंदाचाही लिहिला, वाचला गेला, टाळ्या मिळाल्या. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी तो ऐकताना मला स्टेजवर बसवेना. का, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण हा विषय माझ्यापुरता किंवा आपल्या संस्थेपुरता नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या ज्या ज्या गावातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या घेऊन उसाच्या फडाकडे ट्रक निघतात, तिथल्या प्रत्येक हायस्कूलचा तो आहे.

आधी यंदाचं चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला आपल्या तीन मुलांना अ श्रेणी मिळाली. सतरा वर्षांखालच्या मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तालुका विज्ञान प्रदर्शनात आपला दुसरा क्रमांक आला. पाहुणेही पुष्कळ आले. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी लम्पीची लक्षणं सांगितली, पोस्टातल्या बाईंनी मुलांची बचत खाती काढून दिली. आपलाच एक माजी विद्यार्थी आता वीज कंपनीत वायरमन आहे. त्याने दहावीच्या मुलांना डीपीपाशी नेलं आणि अर्थिंग म्हणजे काय ते सुरक्षित अंतरावरून दाखवलं. विद्युतधारेचा धडा मी दोन आठवडे शिकवत होते. पोरांना तो त्या अर्ध्या तासात कळला. असा पाहुणा वर्षाला एक जरी मिळाला तरी शाळेचं भाग्य म्हणायचं.

आता 3 जानेवारीचं सांगते. सावित्रीबाईंच्या जयंतीला, बालिका दिनासाठी, आपण एका पोलीस उपनिरीक्षक ताईंना बोलावलं होतं. शेजारच्याच तालुक्यातल्या. आई-वडील ऊसतोड कामगार. लहानपणाचे पाच-सहा हंगाम त्यांनी स्वतः कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, काढलेले. इतकं सरळ, इतकं आपल्या मातीतलं भाषण मी या शाळेत ऐकलेलं नाही. पहाटे तीनला आई भाकरी थापून फडात जायची, धाकट्या भावाला सांभाळत त्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसून पाढे म्हणायच्या, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या पोराची फाटकी पुस्तकं मागून आणायच्या, असं सगळं त्यांनी सांगितलं. मुली टक लावून ऐकत होत्या. मग त्यांनी हसत विचारलं, "तुमच्यात कोण कोण जातं गं कारखान्यावर? करा बघू हात वर."

एकही हात वर आला नाही.

ताईंना वाटलं, पोरी लाजतात. "अगं लाजायचं काय त्यात? मीबी गेलेय की." तरी हात नाही. मी स्टेजच्या कडेला उभी होते. मला सगळं उमगत होतं, पण त्यांना तिथल्या तिथं कसं सांगावं ते सुचत नव्हतं. शेवटी सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, जाणारे गेलेत."

ताई क्षणभर थांबल्या. मग भाषण पुढे नेलं, चांगलं नेलं. जाताना गाडीत बसता बसता मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला त्या पोरी असताना बोलवा." त्या वाक्याने मला झोप लागू दिलेली नाही. ज्यांच्यासाठी त्या शंभर कामं सोडून आल्या होत्या, त्या मुली त्या वेळी दोन-अडीचशे किलोमीटरवर, कराडकडे, सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कुणी सीमेपलीकडे बेळगावकडे, आईच्या मागे मोळ्या बांधत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घेऊन बसले. माझ्या नववीच्या पटावर 47 मुलं आहेत. ऑगस्टमध्ये रोज पंचेचाळीसच्या आसपास हजर असतात. डिसेंबरात ती 31 वर आली. यंदा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 20 ला विधानसभेचं मतदान होतं. काही टोळ्या मतदान करून निघाल्या, बऱ्याच त्याआधीच गेल्या. सोळा मुलं म्हणजे वर्गाचा एक तृतीयांश. ती मार्चअखेरीस, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की, पाडव्याच्या आगेमागे परत येतील.

मग मी गेल्या काही वर्षांच्या अहवालांच्या प्रती काढल्या आणि उपक्रमांच्या तारखा एका कागदावर मांडल्या. विज्ञान प्रदर्शन डिसेंबर. सहल डिसेंबर. बालिका दिन जानेवारी. गॅदरिंग आणि बक्षीस वितरण जानेवारी. मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारी, विज्ञान दिन 28 फेब्रुवारी. पालक मेळावा जानेवारी. म्हणजे अहवालात छापण्यासारखं जे जे आपण करतो, ते जवळजवळ सगळं टोळ्या गेल्यावर सुरू होतं आणि त्या परत यायच्या आत संपतं. कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. हिवाळा बरा, पाऊस नाही, पाहुण्यांना सवड असते, म्हणून तशा तारखा पडत गेल्या. मीही अकरा वर्षं त्या अहवालात लिहीत आले. माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

विज्ञान प्रदर्शनाची गोष्ट तर मला सविस्तर सांगायलाच हवी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सप्टेंबरात एक चुंबळ बनवली. फडातून ट्रकपर्यंत आणि मग लाकडी फळीवरून वर, उसाची मोळी बाया डोक्यावरून वाहतात. तीस-पस्तीस किलोंची मोळी, दिवसाला कितीतरी खेपा. नुसत्या फडक्याची चुंबळ मानेवर सगळा भार टाकते. या पोरीने सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये चिंध्या भरून कडं केलं, त्याखाली गादीचा स्पंज शिवला आणि दप्तराचे जुने बंद लावून भार थोडा खांद्यांवर उतरवला. किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणून मोळीऐवजी वाळूच्या पिशव्या ठेवून तिने मोजमापं लिहिली होती. तिची वही माझ्याकडे आहे. आकडे पेन्सिलने लिहिलेत, तीनदा खोडलेत.

त्या महिन्यात एका शनिवारी मी वर्गापुरतं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. परवानगी वगैरे मोठं काही नव्हतं, बाकं भिंतीला लावली आणि पालकांना निरोप धाडला. दहा-बारा जण येतील असं वाटलं होतं. चाळीसच्या वर आले. ती मंडळी तेव्हा गावातच होती ना! या मुलीची आई आली. चुंबळ हातात घेतली, उलटी करून पाहिली, डोक्यावर ठेवली आणि दोन पावलं चालली. मग लेकीला म्हणाली, "फळीवर चढताना माणूस वाकतं. हे पुढं सरकन. मागून नाडी लाव, वेणीखालून." लेकीने तिथंच रिबिनीची नाडी बांधली. आईने पुन्हा ठेवली, वाकून पाहिलं. "आता बसलं," म्हणाली. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या मला ती चूक दिसली नव्हती. बावीस हंगाम मोळ्या वाहिलेल्या बाईला ती दोन पावलांत दिसली. त्या दिवशी आमच्या वर्गाला पाहुणा, परीक्षक आणि मार्गदर्शक असे तिन्ही एकाच माणसात भेटले.

पुढे डिसेंबरात तालुका प्रदर्शन होतं. ती तारीख आपल्या हातात नसते, मान्य. मुलगी तोवर गेली होती. तिचं उपकरण दुसऱ्या मुलीने मांडलं, तिनेही मनापासून मांडलं, तिचा काहीच दोष नाही. पण प्रमाणपत्र सादर करणारीच्या नावाने छापून आलं, आणि गॅदरिंगमध्ये बक्षीसही तिनेच घेतलं. मी फोनवर मूळ मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू द्या मॅडम, नंबर तर आला ना." तालुक्याला अर्ज करून दोन्ही नावांचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून मी प्रयत्न करते आहे. जमेल असं वाटतं. पण स्टेजवर तिचं नाव पुकारल्याचा तो क्षण, आई समोर बसलेली असताना, तो आता कुठून आणायचा?

खो-खोच्या संघाचंही तेच. अंतिम बारा जणींतल्या चौघी कारखान्यावर जातात. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात साखळी खेळत तीन मिनिटांच्या वर टिकून राहिलेली पोरगी त्या चौघींतली. 19 जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. पुरुषांचा संघही जिंकला, त्याचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचा. त्या रात्री मला फोन आला. ही पोरगी बोलत होती. मुकादमाच्या मोबाईलवर, रेंज यावी म्हणून सडकेच्या कडेला उभं राहून त्यांनी सामना पाहिला होता. "मॅडम, पाहिलं का? कॅप्टन आपल्याकडची हाय!" एवढा आनंद की मागे ट्रॅक्टरचा आवाज असूनही मला शब्द न् शब्द कळला. मग जरा थांबून तिने विचारलं, "आपली शिल्ड दिली का हो गॅदरिंगला? फोटो काढला का?" काढला होता. त्या फोटोत आठ जणी आहेत. मी तो तिला पाठवला नाही. जमलं नाही मला.

शिष्यवृत्तीचं तर थेट पैशाचंच नुकसान आहे, तेही याच घरांचं. आठवीतल्या मुलांसाठी असलेली एनएमएमएस परीक्षा पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, चार वर्षांचे 48,000. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. म्हणजे ही योजना नेमकी कुणासाठी आहे ते सांगायला नको. पण परीक्षा असते डिसेंबरच्या उत्तरार्धातल्या रविवारी. 2023 ला 24 डिसेंबर, यंदा 22 डिसेंबर. यंदा आठवीतले सहा जण फॉर्म भरून गेले आणि त्यातला एकच परीक्षेला परत आला. कराड, पंढरपूर, बार्शी, बीड अशा गाड्या बदलत तो एकटा आला, रात्रभर बसून. तेरा वर्षांचं पोर. बौद्धिक क्षमता चाचणीत नव्वद प्रश्न सोडवायचे असतात, त्याला मध्येच डुलकी लागली. पेपर झाल्यावर त्याने मला तसं सांगितलंही, अपराधी चेहरा करून. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, तो मुलगा नुसत्या नजरेने मालिकेतलं पुढचं पद ओळखतो. बाकी पाच जणांना आणायला आणि पोचवायला किती खर्च आला असता? गॅदरिंगच्या साउंड सिस्टीमला आपण दिले त्याच्या निम्म्याहून कमी. हे मला ऑक्टोबरात सुचायला हवं होतं. पुढच्या डिसेंबरसाठी मात्र माजी विद्यार्थ्यांनी एवढी एक गाडी आपल्या अंगावर घ्यावी, अशी हात जोडून विनंती आहे.

निकालाबद्दल दोन शब्द. 2024 ला राज्याचा दहावीचा निकाल 95.81 टक्के लागला आणि आपला शंभर. चौकात फ्लेक्स लागला, माझाही फोटो त्यावर होता. शंभर टक्के हे परीक्षेला बसलेल्यांपैकी असतात. तीच तुकडी नववीत होती तेव्हा पटावर 44 नावं होती, दहावीचे फॉर्म भरले गेले 36. आठ गेली कुठे? त्यात पाच मुली. तिघींची लग्नं झाली. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारे पैसे, कोयत्यावर मिळते आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी निकालाचा आनंद कमी लेखत नाही. त्या 36 जणांनी रात्रीचा दिवस केला होता. पण फ्लेक्सखाली उभी राहिले की मला ती आठ नावं आठवतात, आणि अहवालात त्यांच्यासाठी ओळच नसते.

परवा, 21 तारखेला, यंदाच्या बोर्डाचा पहिला पेपर झाला, मराठीचा. हंगाम अजून चालूच आहे. आपल्या दहावीतल्या पाच मुली आई-वडिलांना फडात सोडून परीक्षेपुरत्या परत आल्यात, कुणी आजीकडे, कुणी चुलत्याकडे. केंद्राच्या दारात एकीच्या हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे होते. बाकीच्या मुलींना आईने दही-साखर देऊन पाठवलं होतं, हिला मी शाळेच्या डब्यातला गूळ दिला.

आता मागणं.

गॅदरिंग, बक्षीस वितरण आणि पालक मेळावा हे तिन्ही जानेवारीतून उचलून सप्टेंबरात आणा. माझ्या मनात 17 सप्टेंबर आहे, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला त्या दिवशी सगळं गाव तसंही शाळेत जमतं. पेरण्या-खुरपण्या झालेल्या असतात, सोयाबीनची काढणी सुरू व्हायची असते, आणि एकही टोळी हललेली नसते. जो बाप जानेवारीत आपल्या पोरीचा सत्कार कधीच पाहू शकत नाही, तो त्या दिवशी पहिल्या रांगेत बसेल.

मला कल्पना आहे काय म्हटलं जाईल. त्या दिवसांत बहुधा पितृपक्ष असतो. पण झेंडावंदन आपण पितृपक्षात करतोच, आणि लेकरांचं कौतुक पाहून कुणाचे पितर रागावतील असं मला वाटत नाही. सहामाहीचा अभ्यासक्रम मागे पडेल असं सहकारी म्हणतील. जानेवारीत बोर्डाच्या तोंडावर पंधरा दिवस नाच बसवण्यात जातात, त्यापेक्षा हे बरं. वर्ष अर्धंच झालेलं असताना अहवाल कशाचा लिहायचा, हा प्रश्न माझाच आहे आणि त्याचं उत्तरही मी शोधलं आहे. अहवाल सप्टेंबर ते सप्टेंबर लिहीन. उलट त्यात एक फायदाच आहे. मे-जूनमधला दहावीचा निकाल तेव्हा ताजा असतो. जानेवारीत पहिल्या तिघांचा सत्कार ठेवतो तेव्हा ती मुलं अकरावीला लातूरला नाही तर बीडला गेलेली असतात आणि त्यांच्या ट्रॉफ्या काका घेऊन जातो.

मोठ्या पाहुण्यांचं काय? येतील. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी जानेवारीतला एखादा छोटा कार्यक्रम राहू द्या, माझी ना नाही. पण ज्यांच्या बोलण्याने एखाद्या मुलीचं आयुष्य वळू शकतं, त्यांना जुलै ते सप्टेंबरमध्ये बोलवा. त्या पोलीस ताईंना मी पत्र टाकलं आहे, त्यांनी होकार कळवला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे रोज सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा आणि पुढे आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला. त्याचे आई-वडील वीटभट्टीवर राबले. या कहाण्या आपण जानेवारीत, ज्यांना त्यांची सगळ्यात कमी गरज आहे अशा मुलांसमोर सांगतो.

नववी-दहावीच्या मुलींच्या राहण्याचा प्रश्न मोठा आहे. तो एका तारखेने सुटायचा नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. हंगामी वसतिगृहांची सोयही त्याच मुलांचा विचार करून झालेली. शासनाने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. ज्यांना तिथे जागा मिळाली त्यांचं भलं झालं. आपल्या गावातल्या सगळ्याच पोरी तिथवर पोचणार नाहीत. ग्रामपंचायतीकडे समाजमंदिराची एक खोली रिकामी आहे. नोव्हेंबर ते मार्च, पंधरा मुली, गावातल्या दोन विश्वासू बाया, आणि दाराला आतून लागणारी चांगली कडी. मी आठवड्यातून दोन रात्री तिथं राहायला तयार आहे, माझ्या घरच्यांशी तसं बोलून झालं आहे. यावर स्वतंत्र बैठक घ्यावी.

तारखेचा निर्णय मात्र आपल्या हातात आहे, त्याला ना निधी लागतो ना मंत्रालय. पावसाची भीती असेल तर त्याचाही विचार केला आहे. जुन्या इमारतीतल्या सात ते दहा नंबरच्या वर्गांमधल्या लाकडी फळ्यांच्या भिंती निघतात. शिपाईमामा आणि मी मागच्या रविवारी दोन काढून पाहिल्या. चारही वर्ग एक केले की सतरंजीवर साडेतीनशे माणसं बसतात, टोकाला बाकांचं स्टेज होतं. दोन फळ्यांच्या बिजागऱ्या गंजल्यात, तेवढ्या बदलाव्या लागतील.

राहता राहिले प्रमुख पाहुणे. पोलीस ताईंच्या शेजारी बसायला मला एक नाव सुचवायचं आहे: चुंबळ बनवणाऱ्या मुलीच्या आईचं. मी फोनवर विचारून ठेवलं आहे. भाषण येत नाही म्हणाल्या, पण मुलांनी केलेल्या वस्तू हातात घेऊन काय चुकलंय ते सांगायला तयार आहेत. पट्टा पडला की पाडव्याच्या सुमाराला त्या गावी येतील, आणि निमंत्रण घरी जाऊन हातात द्यावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून संचालक मंडळाच्या मार्चच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
वर्गशिक्षिका, इयत्ता नववी
(गणित व विज्ञान)